तेलाचे साठे आणि पाण्याच्या वाटा : प्रस्तावना

खनिज तेलाच्या साठ्यांविषयी सामान्य नागरिकाच्या मनात जी भीती असते ती आगीची असते, आणि ती अवास्तव आहे असे कोणी म्हणणार नाही. डेपोच्या फाटकावर आगपेटी काढून घेणारा पहारेकरी, टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत रंगवलेला इशारा, भिंतीशी ओळीने टांगलेल्या वाळूच्या बादल्या, या साऱ्या बंदोबस्ताने त्या भीतीला एक दृश्य रूपही दिलेले आहे. परंतु आग हा अनर्थाचा बहुधा दुसरा अंक असतो. आणि पहिला अंक, ज्यात तेल आपली नेमून दिलेली जागा सोडून बाहेर पडते, तो इतका निःशब्द, इतका मंद आणि पुष्कळदा इतका किरकोळ भासणारा असतो, की त्याची दप्तरी नोंद करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. कित्येकदा तर दुसरा अंक होतच नाही. तेल जमिनीत मुरते, गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला मिळते, आणि पुढे केव्हा तरी एखाद्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, वा कोळ्याच्या जाळ्याला काळा चिकट थर बसला, म्हणजे मग चौकशीचे कागद हलू लागतात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा पहिला अंक आहे.

ग्रंथकर्त्यांनी तो मराठीत लिहिला, याबद्दल त्यांचे मी प्रथम अभिनंदन करतो. तुर्भे-माहुलचे शुद्धीकरण कारखाने, शिवडी-वडाळ्याचे जुने साठे, मनमाडजवळील पानेवाडी, पुण्याजवळील लोणी अशा ठिकाणांमुळे महाराष्ट्रात हा व्यवसाय लहान राहिलेला नाही. पण त्याचे सारे नियम, सारी मानके, साऱ्या कार्यपद्धती इंग्रजीत छापल्या जातात, इंग्रजीतच कपाटात ठेवल्या जातात, आणि ज्याने प्रत्यक्ष व्हॉल्व्हचे चाक फिरवायचे त्या खलाशापर्यंत त्यांतले जे पोहोचते ते तोंडी पोहोचते, म्हणजे सांगणाऱ्याच्या घाईनुसार कमीअधिक होऊन पोहोचते. ज्याची उमेदीची वर्षे तपासणीच्या कामात गेली अशा माझ्यासारख्याला ही उणीव फार दिवसांपासून जाणवत होती.

साठवणुकीच्या टाकीभोवती बांध घालावा ही कल्पना इतकी साधी आहे, की तिचे समर्थन करावे लागू नये. टाकी फुटली, ओसंडली, वा तिचा एखादा जोड सुटला, तर बाहेर आलेला माल अडवून धरण्यासाठी तिच्या सभोवार मातीचा, दगडी वा काँक्रीटचा बांध घालतात, आणि आतल्या सर्वांत मोठ्या टाकीतील सगळा माल त्या आवारात मावेल एवढी त्याची धारणशक्ती ठेवतात. आपल्याकडे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या मानकाने या बांधाची उंची आतल्या जमिनीपासून १ मीटरहून कमी आणि २ मीटरहून अधिक नसावी असे मुक्रर केले आहे. वरची मर्यादा पाहून नवख्याला नवल वाटते. पण उंच भिंतींच्या आत बाष्प कोंडते, आग विझवणाऱ्याला आतले दिसत नाही, आणि आत सापडलेल्या माणसाला बाहेर पडणे दुष्कर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती मर्यादा उगाच घातलेली नाही हे पटते.

येथवर सारे सरळ आहे. अडचण अशी, की हा बांध तेलासाठी घातलेला असला तरी त्यात वर्षानुवर्षे जे साचते ते पाणी असते. चोवीस तास, बारा महिने, टाकीतून एक थेंबही बाहेर न पडता डेपो चालू शकतो. पाऊस मात्र कोणाच्या परवान्याची वाट पाहत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, हे आपण सारे जाणतो. पण त्या आकड्याकडे डेपोच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. मानकाप्रमाणे १ मीटर उंचीचा बांध असेल आणि त्याचा निचरा बंद असेल, तर एवढ्या पावसानंतर त्यात उरणारी मोकळी जागा ५६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चार बोटे. आणि टाक्यांच्या छपरांवरचे पाणीही त्याच आवारात उतरते, उलट टाक्यांनी जमिनीचा बराच भाग व्यापलेला असतो, हे हिशेबात धरले तर ती चार बोटेही उरणार नाहीत. कागदावर सर्वांत मोठी टाकी पोटात घेणारा बांध अशा दिवशी एक पिंपसुद्धा घेऊ शकत नाही.

भरलेल्या बांधाचा धोका एवढ्यावर थांबत नाही, कारण पाण्याने वेढलेली टाकी, तीत माल कमी असेल तर, तरंगू पाहते. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात कॅटरीना वादळाने तट ओलांडून आलेल्या पुराने मेरॉ येथील शुद्धीकरण कारखान्यातील एक प्रचंड टाकी पायावरून उचलून बाजूला सरकवली, आणि सुमारे २५ हजार पिंपे कच्चे तेल भोवतालच्या वस्तीतील सुमारे १,८०० घरांच्या आत-बाहेर पसरले.

म्हणून बांधातले पाणी काढून द्यावेच लागते, आणि ते काढून देण्यासाठी बांधाला एक भोक ठेवावे लागते. या विषयाचे सारे मर्म मला या एका वाक्यात दिसते. तेल अडवण्यासाठी बांध घालायचा, पाण्यासाठी त्याच बांधाला वाट पाडायची, आणि मग त्या वाटेवर एक व्हॉल्व्ह बसवून तो सदैव बंद राहील अशी अपेक्षा करायची! कोकणातला शेतकरी भातखाचराच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी खांड पाडतो, पण मुसळधार पावसाच्या रात्री फावडे घेऊन त्या खांडापाशी तो स्वतः उभा राहतो; डेपोच्या बांधाची वाट मात्र बहुधा आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, गवतात दडलेली, आणि कोणाच्याच विशेष मालकीची नसलेली अशी असते. नियम सांगतो तो स्वच्छ आहे : व्हॉल्व्ह बांधाच्या बाहेरच्या अंगास असावा, म्हणजे आत तेल असता तो चालवण्यासाठी कोणाला आत उतरावे लागू नये, तो एरवी बंद असावा, पाऊस पडून गेल्यावर साचलेले पाणी डोळ्यांनी पाहून, त्यावर तवंग नाही अशी खातरी करून, जबाबदार माणसाच्या देखत तो उघडावा, पाणी जाईतो तेथेच थांबावे, आणि पुन्हा बंद करून त्याची नोंद ठेवावी. यात कळायला कठीण असे काही नाही. कठीण आहे ते आषाढातल्या एका पहाटे, तिसऱ्यांदा भिजून, तेथे थांबणे.

कोकणपट्टीतील एका डेपोची नोंदवही मला आठवते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक पाळीस, ‘व्हॉल्व्ह बंद’ असा शेरा सुवाच्य अक्षरात मारलेला होता. एकही खाडाखोड नव्हती, एकही सही चुकलेली नव्हती, आणि पाणी सोडल्याची नोंदही एक नव्हती. बांधाच्या आतली जमीन मात्र कोरडी होती. व्हॉल्व्ह जर खरोखरच बंद होता तर चार महिन्यांचा पाऊस गेला कोठे, हा प्रश्न मी तेथील अधिकाऱ्यांना विचारला, आणि त्यांनी मोठ्या सौजन्याने चहा मागवला. लबाडी म्हणावी असे त्यात काही नव्हते. व्हॉल्व्ह जूनमध्ये एकदा उघडायचा आणि दसऱ्याच्या सुमारास लावायचा असा तेथील शिरस्ता होता, आणि नोंदवही तपासणीसाठी असते, पावसासाठी नसते, अशी साऱ्यांची प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीची किंमत किती पडू शकते ते पाहावयाचे असेल तर जयपूरला जावे लागते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी संध्याकाळी, सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या साठवणुकीच्या आवारात, एका टाकीतील पेट्रोल शेजारच्या कंपनीकडे पाठवण्याची तयारी चालली असता, नळमार्गावरील हॅमर ब्लाइंड नावाच्या साधनाचे तोंड उघडे होते आणि त्याच वेळी टाकीकडचा मोटरने चालणारा व्हॉल्व्हही उघडा होता. पेट्रोलचा फवारा उडाला, जवळचा माणूस वाफेने गुदमरला, मदतीस गेलेल्यांनाही जवळ जाता येईना, आणि नियंत्रणकक्षात बसून तो व्हॉल्व्ह लावण्याची सोय कित्येक वर्षे बंद पडलेली होती. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. ते अदमासे एक हजार टन असावे. येथपर्यंतची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ही, की बांधाच्या निचऱ्याचा व्हॉल्व्हही उघडा होता. त्या वाटेने पेट्रोल पावसाच्या पाण्याच्या गटारात उतरले आणि आवाराच्या मोठ्या भागात पसरले, आणि साडेसातच्या सुमारास त्या बाष्पाच्या ढगाने पेट घेतला तेव्हा स्फोटाला एका बांधाचे नव्हे, साऱ्या परिसराचे क्षेत्र मिळाले. दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि टाक्या अकरा दिवस जळत राहिल्या. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने पुष्कळ उपाय सुचवले, आणि त्यांतले पुष्कळ अमलातही आले. पण महिना कोणता होता पाहा. पावसाळा सरून गेलेला, राजस्थानातले आकाश कोरडे, आणि पाण्याची वाट तेवढी उघडी.

दुसरे उदाहरण थंडीतले आहे. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, मोनाँगहेला नदीच्या काठी फ्लोरेफ येथे, अ‍ॅशलंड ऑइल कंपनीची सुमारे दीड कोटी लिटर क्षमतेची टाकी पहिल्यांदाच डिझेलने भरली जात असता अकस्मात उभी फाटली. टाकी नवी उभारलेली, पण तिचे पोलाद चाळीस वर्षांहून जुने. क्लीव्हलंडकडून एक जुनी टाकी सुटी करून आणून तेथे पुन्हा जोडली होती, आणि पाण्याने काठोकाठ भरून करावयाची कसोटी तळाशी थोडेसे पाणी भरून आटोपली होती. थंडीने ठिसूळ झालेल्या पत्र्यातील, जोडाजवळचा एक जुना दोष त्या दिवशी पुरे झाला. तेलाची लाट बांधाला आदळून वरून गेली, शेजारच्या मालमत्तेतील पर्जन्यजलाच्या एका गटारात शिरली, आणि त्या गटाराने सुमारे २८ लाख लिटर डिझेल सरळ नदीत नेऊन सोडले. मोनाँगहेलाचे पाणी पुढे ओहायो नदीत जाते. त्या दोन्ही नद्यांवर तहान भागवणाऱ्या सुमारे दहा लाख लोकांच्या पाण्याची चिंता पुढचे कित्येक दिवस तीन राज्यांना पडली. टाकी फुटणे हा धातुशास्त्राचा प्रश्न होता. पण डिझेल नदीला पोहोचले ते त्या गटारामुळे, आणि ते कोठून कोठे जाते हे बांधाचा आराखडा करणाऱ्याने विचारले नसावे.

इंग्लंडमधील बन्सफील्डची कथा फार वेळा सांगितली गेली आहे, म्हणून तिचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे टाकी भरल्याचे दाखवणारा मापक एका जागी अडकून राहिला, आणि त्याच्या पाठीशी असलेले स्वतंत्र बटण ज्या छोट्या कुलपाच्या आधारावर काम करावयाचे ते कुलूप लावलेलेच नव्हते. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल ओसंडून स्फोट झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु बांधांच्या भिंतींतील सांधे आणि नळ जाण्यासाठी ठेवलेल्या फटी आगीत टिकल्या नाहीत, आणि तेल व आग विझवण्याचा फेस यांचे मिश्रण खालच्या खडूच्या खडकात उतरले, ज्यातून त्या प्रदेशाला पिण्याचे पाणी मिळते.

पाण्याच्या वाटा बांधापुरत्याच नसतात. साठवलेल्या पेट्रोल-डिझेलच्या तळाशी पाणी साचते. ते अधूनमधून काढावे लागते, आणि ते काढताना पाणी संपून तेल केव्हा सुरू होते हे तेथे उभा असलेला माणूस पाहतो, वा पाहत नाही. तरंगत्या छपराच्या टाकीत तर आणखी चमत्कारिक पेच असतो. छपरावर पडलेले पावसाचे पाणी टाकीच्या पोटातून, तेलाच्या आतून जाणाऱ्या एका नळीने, बाहेर काढलेले असते. तिचा बाहेरचा व्हॉल्व्ह लावून ठेवला तर पाण्याच्या भाराने छप्पर बुडण्याची भीती, आणि उघडा ठेवला तर आतली नळी फाटल्यास टाकीतला माल त्या वाटेने बाहेर येण्याची भीती. ग्रंथकर्त्यांनी या पेचाची चर्चा सविस्तर केली आहे आणि ती मला या पुस्तकातील सर्वोत्तम पाने वाटतात. तेल-पाणी विभाजक कुंडीवरचे त्यांचे प्रकरण मात्र मला थोडे भाबडे वाटले. ही कुंडी संथ वाहणाऱ्या पाण्यावरचा तवंग वेगळा करते हे खरे. परंतु शंभर मिलिमीटर पावसाचा लोंढा तीतून धावू लागला म्हणजे तवंगाला वर येण्याची फुरसतच राहत नाही, आणि वर्षभर साठलेला गाळही त्याच लोंढ्याबरोबर खाडीला जातो.

कायद्याविषयी थोडे. आपल्याकडे १९३४ सालचा पेट्रोलियम अधिनियम आजही पायाशी आहे. कोणत्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटते यावरून तो त्याचे वर्ग पाडतो : २३ अंश सेल्सियसच्या खाली पेटणारे, म्हणजे पेट्रोलसारखे, ते ‘अ’ वर्गात; २३ ते ६५ अंशांमधले, म्हणजे डिझेल-रॉकेल, ‘ब’ वर्गात; आणि ६५ ते ९३ अंशांमधले ‘क’ वर्गात. साठ्याचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे, ही गोष्ट नागपूरकरांनाही क्वचितच ठाऊक असते. त्याखेरीज १९८६ साली स्थापन झालेले तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाखाली संमती देणारे राज्य मंडळ, घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम व त्यांनी घालून दिलेली सहामाही आपत्ती-रंगीत तालीम, जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला, वजनमापांचे निरीक्षक, असा दप्तरांचा मोठा परिवार एका डेपोभोवती उभा असतो. यांत कायद्याची कमतरता कोठे आहे असे मला वाटत नाही. कमतरता आहे ती अशी, की यांपैकी बहुतेक सारे आगीचा, स्फोटाचा वा मापाचा विचार मनात धरून आत येतात, आणि बांधाच्या मागे वाहणाऱ्या गटाराचा मालक कोण, हा प्रश्न सर्वांच्या हद्दीच्या किंचित बाहेर राहतो.

अमेरिकेने या बाबतीत केलेली तजवीज अभ्यासण्याजोगी आहे. तेथील १९७३ चा नियम सांडलेल्या तेलाचाच विचार करतो; जमिनीवर सुमारे पाच हजार लिटरहून अधिक साठा असलेल्या, आणि ज्याचे तेल जलमार्गास पोहोचू शकेल अशा, प्रत्येक आवाराला लेखी आराखडा करणे, त्याचा दर पाच वर्षांनी फेरविचार करणे, आणि मोठ्या साठ्यांच्या बाबतीत तो परवानाधारक अभियंत्याकडून प्रमाणित करून घेणे त्याने बंधनकारक केले आहे. बांधात सर्वांत मोठ्या टाकीखेरीज पावसासाठी वेगळी जागा ठेवावी असे तो सांगतो. आणि बांधाच्या निचऱ्याला आपोआप उघडणारी पाखी बसवण्यास तो स्पष्ट मनाई करतो, व्हॉल्व्ह हाताने उघडायचा आणि हाताने लावायचाच असावा असा त्याचा आग्रह आहे. ज्यांना यंत्रांवर सर्व सोपवण्याची घाई झालेली आहे अशांनी या कलमाचा विचार करावा. पाण्याच्या पृष्ठावर तेलाचा तवंग नुसता डोळ्यांनी दिसला तरी त्या देशात तो नियमभंग ठरतो. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. हेही खरे, की हा नियम चौदा वर्षे अमलात असताना फ्लोरेफची टाकी फुटली. टाक्यांच्या ठिसूळपणाच्या कसोट्या आणि जुन्या टाक्यांच्या नियमित तपासणीची मानके पुढे आली ती त्यानंतर.

शेवटी माणसाविषयी. बांधाच्या व्हॉल्व्हचे चाक फिरवणारा माणूस आज बहुधा कंत्राटदाराचा असतो. त्याचा पगार डेपोत सर्वांत कमी, त्याची हजेरी दुसऱ्याच्या वहीत, आणि त्याला ‘पाणी सोड’ वा ‘बंद कर’ याखेरीज काही सांगितलेले नसते. ज्या एका कृतीवर खाडीचे, विहिरीचे आणि कधी कधी साऱ्या वस्तीचे भवितव्य अवलंबून आहे, ती आपण सर्वांत कमी जाणत्या ठेवलेल्या हातांकडे सोपवतो, आणि अनर्थ झाल्यावर कसूर त्याची ठरवतो; हा न्याय मला कधीच पटलेला नाही. जी सही त्याच्या नावापुढे हवी ती त्याच्या वरिष्ठाची हवी, आणि वरिष्ठ तेथे उभा असल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडला जाऊ नये, असे नियमाच्या पाठीशी असलेले तत्त्व आहे. शिवडीच्या खाजणात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तेव्हा त्यांना पाहण्यासाठी लोक मोठ्या उत्साहाने जमतात. त्यांच्यामागे दिसणाऱ्या टाक्यांच्या बांधाशी उभ्या असणाऱ्या माणसाची कोणी एवढी विचारपूस केल्याचे मला आढळले नाही.

वाचक डेपोत काम करणारा असेल तर त्याला माझी एक विनंती आहे. ग्रंथकर्त्यांनी कायद्याचे प्रकरण आरंभी घातले आहे. ते त्याने शेवटी वाचावे आणि निचऱ्याचे प्रकरण प्रथम उघडावे. पण तेही वाचण्यापूर्वी आपल्या आवारातील सर्व गटारे, नळ आणि व्हॉल्व्ह दाखवणारा, आणि कुंपणाबाहेर ते पाणी कोठे जाऊन मिळते हे सांगणारा नकाशा त्याने आपल्या कार्यालयात मागावा. तो मिळाला नाही, वा मिळाला पण जुना निघाला, तर पुस्तक बाजूला ठेवून, मृगाचा पाऊस लागण्याच्या आत, आधी तो नकाशा तयार करून घ्यावा.